सातारा-सांगलीच्या आकाशातून जाणारे शिकारी पक्षी कसे मोजावेत

परतीचा पाऊस ओसरून आकाश निवळू लागले की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील डोंगरधारांवर आणि माळरानांवर उत्तरेकडचे शिकारी पक्षी दिसू लागतात. सायबेरिया, मंगोलिया, कझाकस्तान आणि हिमालयापलीकडचे गवताळ प्रदेश येथे विणीचा हंगाम आटोपून निघालेले भोवत्या (इंग्रजीत हॅरियर), ससाणे आणि गरुड सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आपल्या डोक्यावरून जात असतात. त्यांतले काही दक्षिणेकडे पुढे सरकतात, काही थेट आफ्रिका गाठतात आणि काही माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांच्या माळांवरच हिवाळा काढतात. पक्षी पाहणाऱ्यांची आणि त्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या आपल्याकडे आता चांगलीच वाढली आहे, परंतु एका जागी ठरलेल्या वेळी बसून या पक्ष्यांची शिस्तीने मोजणी करणारे अजून फार थोडे आहेत. अशी मोजणी पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यासाठी प्रत्येक पक्षी ओळखता येण्याची अट नाही. चिकाटी, प्रामाणिक नोंद आणि बरी दुर्बीण एवढ्यावर काम सुरू करता येते.

काय अपेक्षा ठेवावी

काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या जॉर्जियातील बातुमी येथे एका शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. मेक्सिकोतील व्हेराक्रूझ येथे तर हा आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. समुद्र आणि पर्वत यांच्यामुळे तेथे पक्ष्यांची वाट अरुंद होते आणि सगळे एकाच नळीतून गेल्यासारखे जातात. दख्खनच्या पठारावर अशी कोंडी नाही. येथे पक्षी शेकडो किलोमीटर रुंदीच्या आघाडीवर विखरून उडतात, त्यामुळे आपल्या वाट्याला तासाला चार-दोन पक्षी येणे आणि एखादा तास पूर्ण रिकामा जाणे हेच स्वाभाविक आहे.

आकडे लहान असल्यामुळेच येथे शिस्तीला जास्त महत्त्व आहे. जेथे दिवसाला हजारो पक्षी जातात तेथे दहा-वीस पक्षी निसटले तरी चित्र बदलत नाही. आपल्याकडे मात्र एकच पक्षी दोनदा मोजला गेला तरी त्या तासाचा आकडा दुप्पट होऊ शकतो. म्हणून एका तासात एकही पक्षी गेला नाही, तर तो रकाना कोरा न ठेवता तेथे शून्य लिहावे, असा माझा आग्रह आहे. कोऱ्या रकान्यावरून आपण पाहत होतो की चहाला गेलो होतो हे कळत नाही; शून्यावरून मात्र आपण पाहत होतो आणि पक्षी आला नाही, हे कळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाने देशातील शिकारी पक्षी घटत असल्याचे दाखवले आहे. ती घट आपल्या भागात किती आहे हे सांगायचे असेल, तर पक्षी दिसले त्या दिवसांइतक्याच न दिसलेल्या दिवसांच्या नोंदीही लागतील.

जागा निवडणे

पहिली पायरी जागेची. जागा उंच असावी, तेथून उत्तर, ईशान्य आणि पूर्व या दिशांचे आकाश क्षितिजापर्यंत मोकळे दिसावे आणि तेथे दर आठवड्याला सहज पोहोचता यावे. यांतली तिसरी अट नवशिक्यांना क्षुल्लक वाटते, परंतु बहुतेक मोजण्या तिच्यामुळेच बंद पडतात. साताऱ्यात राहणाऱ्याने दूरच्या एखाद्या दुर्गम सुळक्यापेक्षा यवतेश्वरच्या बाजूचा सडा किंवा अजिंक्यताऱ्याचा माथा निवडणे शहाणपणाचे आहे. मिरजेकडच्या मंडळींना दंडोबाचा डोंगर सोयीचा आहे, कारण भोवतीच्या सपाट मुलखातून तो एकटाच वर उठतो आणि त्याच्या माथ्यावरून चारही दिशांचे आकाश दिसते. कासचे पठार या कामासाठी मोहात पाडणारे असले तरी फुलांच्या हंगामात तेथे गर्दी असते, प्रवेशावर निर्बंध असतात आणि पायाखालची झुडपे जपायची असतात; २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या त्या जागेवर खुर्ची मांडून दिवसभर बसणे योग्य नाही. कोयना आणि चांदोलीचे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. सागरेश्वर अभयारण्यातही प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत.

बसताना पाठ दक्षिणेकडे आणि तोंड उत्तरेकडे ठेवावे. शरद ऋतूत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्याच्या अंगावर ऊन पडते आणि त्याचे रंग दिसतात. उलट दिशेने बसल्यास प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जातो आणि दुर्बीण चुकून सूर्यावर रोखली जाण्याचा धोकाही वाढतो. दुर्बिणीतून क्षणभर जरी सूर्य पाहिला तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, हे लहान मुले सोबत असल्यास त्यांना आधीच बजावून सांगावे.

एकदा जागा ठरली की हंगामभर ती बदलू नये. पुढच्या वर्षीही तीच ठेवावी.

वेळ आणि हवामान

मोठ्या पंखांचे पक्षी स्वतःचे बळ वापरून फार कमी उडतात. जमीन तापली की तिच्यावरून गरम हवेचे झोत वर उठतात. त्यांनाच पक्षीनिरीक्षक थर्मल म्हणतात. गरुड, घारी आणि मधुबाज या झोतात गिरक्या घेत उंच चढतात आणि मग पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत घसरत जातात. हे झोत तयार व्हायला सकाळचे नऊ-साडेनऊ वाजतात. आदल्या रात्री पाऊस झाला असेल किंवा घाटात धुके रेंगाळले असेल तर त्याहूनही उशीर होतो. ससाणे आणि भोवत्या मात्र पंख मारत उडण्यात तरबेज असल्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिराही प्रवास करतात. नवशिक्यांनी सकाळी ९ ते दुपारी ३ ही सहा तासांची वेळ धरावी. इतका वेळ जमत नसेल तर १० ते १ हे तीन तास धरावेत, परंतु मग प्रत्येक वेळी तेच तीन तास असावेत.

वारा नीट समजून घेतला तर पक्षी कोठे शोधायचा हे निम्मे कळते. मोसमी पाऊस माघारी गेल्यावर आपल्याकडे वारा प्रामुख्याने पूर्वेकडून आणि ईशान्येकडून वाहू लागतो. तो डोंगराच्या पूर्व अंगावर आपटून वर उचलला जातो, म्हणून सकाळी त्या बाजूच्या धारेवर लक्ष ठेवावे. सह्याद्रीच्या अगदी कड्यावर बसले असता दुपारनंतर कोकणाकडून वर चढणारा वारा जाणवतो, आणि तेव्हा पक्षी पश्चिमेकडच्या कड्याला धरून सरकताना दिसतात. पाऊस पडत असताना पक्षी सहसा बसून राहतात. पाऊस थांबून ऊन पडल्यानंतरचे दोन-तीन तास मात्र बहुधा चांगले जातात.

हंगामातला क्रमही लक्षात ठेवावा. दलदली भोवत्या सप्टेंबरातच येऊ लागतो. माँटेग्यूचा आणि पांढुरका हे दोन भोवत्या, तसेच खरुची ससाणा (केस्ट्रेल), दसऱ्याच्या आगेमागे वाढतात. गवताळ प्रदेशातला मोठा स्टेप गरुड त्यानंतर येतो, आणि अमूर ससाण्यासाठी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे लागते. बरेच जण दिवाळीनंतर मोजणी आवरती घेतात आणि नेमका हा शेवटचा प्रवासी त्यांच्या हातून निसटतो.

साहित्य

आठ किंवा दहा पटीची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण, दिशादर्शक, घड्याळ, पेन्सिल, जाड पुठ्ठ्यावर लावलेले नोंदपत्रक, बोटाने दाबायचा गणक, टोपी आणि भरपूर पाणी एवढे पुरते. सड्यावर दगडाखाली फुरसे असू शकते, म्हणून बूट घालावेत आणि बसण्यापूर्वी जागा काठीने पाहून घ्यावी. एकट्याने जाऊ नये. दोघे असल्यास एकाने पाहावे आणि दुसऱ्याने लिहावे, आणि दर तासाला कामांची अदलाबदल करावी, कारण सलग पाहून डोळे थकले की उंचावरचे पक्षी निसटू लागतात.

आकाश चाळणे

नवशिक्या सहसा डोक्यावर पाहत राहतो. प्रवासी शिकारी पक्षी मात्र प्रथम दूरच्या क्षितिजावर बारीक ठिपक्यासारखा दिसतो, आणि तेथेच तो टिपला तर ओळखायला पुरेसा वेळ मिळतो. आकाश चाळायला सुरुवात करण्याआधी दुर्बीण डोळ्याला लावून दूरच्या ढगाच्या कडेवर तिचा फोकस जुळवून घ्यावा. मग डोंगराच्या कडेला धरून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकावे, थोडे वर उचलून परत डावीकडे यावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढू द्यावा. असे चार-पाच पट्टे झाले की दुर्बीण खाली घेऊन उघड्या डोळ्यांनी माथ्यावरचे आकाश पाहावे. ही फेरी दिवसभर चालू ठेवावी लागते. स्वच्छ निळ्या आकाशात उंच पक्षी शोधणे सर्वांत कठीण असते. पांढरे ढग असले की त्यांच्या पार्श्वभूमीवर ठिपके ठळक दिसतात, म्हणून ढगांच्या कडा मुद्दाम तपासाव्यात. गावातल्या घारी एकाएकी एका जागी गिरक्या घेऊ लागल्या तर तेथे थर्मल उठला आहे असे समजावे आणि त्यांच्या वरचे आकाश पाहावे, कारण तोच झोत पाहुणे पक्षीही वापरतात.

ओळख : आधी ठेवण, मग रंग

पक्षी दिसताच पुस्तकातले चित्र आठवण्याऐवजी त्याची ठेवण पाहावी. पंख टोकदार आणि उडणे वेगवान असेल तर तो ससाण्यांपैकी आहे. पंख लांब, शेपटी लांब आणि तरंगताना पंख किंचित वर उचलून उथळ ‘व्ही’सारखे धरलेले असतील तर तो भोवत्या आहे. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब आणि उडताना चार-पाच वेळा पंख मारून थोडे तरंगणे असेल तर तो शिक्रा किंवा त्याच्या कुळातला आहे. पंख रुंद, टोकाला बोटांसारखी पिसे फाकलेली आणि गिरक्या संथ असतील तर गरुड, घार किंवा मधुबाज यांच्यापैकी कोणीतरी आहे. पहिल्या हंगामात एवढे चार गट अचूक पाडता आले तरी ती मोजणी उपयोगी ठरते.

घारीपासून सुरुवात करणे उत्तम, कारण ती रोज दिसते. तिची शेपटी मध्ये दुभंगलेली असते आणि उडताना ती सुकाणूसारखी तिरकी फिरवते. घार दूर असताना, वळताना, समोरून येताना आणि पाठमोरी कशी दिसते हे पाठ झाले की जे घारीसारखे नाही ते आपोआप नजरेत भरते. मधुबाजाचे डोके लहान व कबुतरासारखे पुढे आलेले असते आणि तरंगताना तो पंख सपाट धरतो. पायांवर पिसे असलेल्या लहान बूटेड गरुडाच्या मानेजवळ, पंख जेथे सुरू होतात तेथे, दोन्ही बाजूंस एकेक पांढरा ठिपका असतो आणि तो समोरून येत असताना स्पष्ट दिसतो. स्टेप गरुडाच्या पोरसवदा पक्ष्याच्या पंखांखालून लांबवर पांढरी पट्टी गेलेली दिसते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ पासून हा गरुड संकटग्रस्त ठरवला आहे, तेव्हा त्याची प्रत्येक खात्रीची नोंद मोलाची आहे.

भोवत्यांवर जरा जास्त वेळ घालवावा, कारण आपल्या पूर्वेकडच्या माळांचे खरे हिवाळी पाहुणे तेच आहेत. पांढुरक्या भोवत्याचा नर इतका फिकट राखाडी असतो की उन्हात जवळजवळ पांढराच दिसतो, आणि त्याच्या पंखांच्या टोकाला काळ्या रंगाची एक अरुंद पाचर असते. माँटेग्यूचा नर त्याहून गडद राखाडी असून त्याच्या पंखाच्या वरच्या अंगावर एक आडवी काळी रेघ असते. दोघांच्या माद्या आणि पिल्ले मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली आणि एकमेकांसारखी दिसतात. अनुभवी माणसालाही दुरून त्यांचा निवाडा करता येत नाही. अशा पक्ष्याची नोंद ‘माँटेग्यू किंवा पांढुरका, मादी अथवा पिल्लू’ अशीच करावी. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी आणि डोके पिवळसर पांढरे असल्यामुळे सहज ओळखता येते.

अमूर ससाण्याबद्दल चार शब्द जास्त लिहिणे भाग आहे. जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा ससाणा पूर्व सायबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनमधून निघून ईशान्य भारतात थांबतो, भारत ओलांडतो आणि अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातो. नागालँडमध्ये २०१२ साली त्याची मोठ्या प्रमाणावर होणारी शिकार उघड झाली, गावकऱ्यांनी पुढच्याच वर्षी ती थांबवली, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवण्यात आली. आपल्याकडे हा पक्षी बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे जाताना दिसतो. नर पाटीसारखा राखाडी, पंखाखालचा पुढचा भाग पांढरा आणि पाय लालसर असतात. कापलेल्या शेतावर चतुर आणि वाळवीचे पंखवाले किडे उडत असतील, तर तेथे तो हवेतच भक्ष्य पकडून उडता उडता खाताना दिसू शकतो.

शंका राहिली तर जात लिहू नये. ‘अनोळखी ससाणा’, ‘अनोळखी गरुड’, ‘अनोळखी शिकारी पक्षी’ हे रकाने त्यासाठीच आहेत. ज्या नोंदपत्रकात अनोळखी पक्षी एकही नाही, त्याच्याकडे मी संशयाने पाहतो.

मोजायचे कोणाला

मोजणीत सर्वाधिक गोंधळ होतो तो स्थानिक पक्ष्यांमुळे. घार, कापशी घार, शिक्रा, मोरघार, सापमार गरुड, तुऱ्याचा सर्पगरुड आणि कड्यावरचा शाहीन ससाणा हे वर्षभर येथेच असतात आणि दिवसातून दहा वेळा डोक्यावरून जाऊ शकतात. म्हणून बसल्याबरोबर पहिली पंधरा मिनिटे त्या परिसरातले स्थानिक पक्षी कोण, कोठे बसतात आणि कोठे घिरट्या घालतात हे पाहण्यात घालवावीत, आणि त्यांच्यासाठी पत्रकात वेगळा रकाना ठेवावा.

त्यानंतर एक काल्पनिक रेषा ठरवावी. उत्तरेकडे तोंड करून बसलेल्याने पूर्वेकडचे एखादे ठळक झाड आणि पश्चिमेकडचा एखादा मनोरा किंवा टेकडीचे टोक यांना जोडणारी, आपल्यावरून जाणारी रेषा मनात धरावी. उत्तरेकडून येऊन ही रेषा ओलांडून दक्षिणेकडे गेलेला पक्षी अधिक एक. उलट दिशेने परत गेलेला पक्षी वजा एक. तासाच्या शेवटी उरेल तो त्या तासाचा निव्वळ आकडा. अमूर ससाण्यासारखे पूर्व-पश्चिम जाणारे पक्षी या रेषेला समांतर उडतात, म्हणून त्यांच्यासाठी आपल्यावरून जाणारी दुसरी उत्तर-दक्षिण रेषा ठेवावी आणि प्रत्येक नोंदीपुढे दिशा लिहावी. एका पक्ष्याने दोन्ही रेषा ओलांडल्या तरी तो एकदाच मोजावा. रेषेपर्यंत न येता समोरच्या उतारावर शिकार करत राहिलेला, झाडावर बसलेला किंवा त्याच जागी वारंवार परत येणारा पक्षी प्रवासी धरू नये. येथे भोवत्या आणि खरुची अडचणीत टाकतात, कारण ते प्रवास करता करता शिकारही करतात. त्यांच्याबाबत निर्णय होत नसेल तर त्यांना स्थानिक रकान्यात टाकून शेरा लिहावा. आकडा थोडा कमी आला तरी चालेल, फुगलेला नको.

थवा आला तर घाई करू नये. समजा, नोव्हेंबरच्या अखेरीस अकराच्या सुमारास ईशान्येकडच्या धारेवर पन्नास-साठ ससाण्यांचा थवा एका थर्मलमध्ये गिरक्या घेत आहे. कोणी डावीकडून उजवीकडे, कोणी उजवीकडून डावीकडे, खालचे वर आणि वरचे ढगाच्या कडेत जात आहेत. त्या अवस्थेत मोजायला गेलेला माणूस तेच पक्षी तीनदा मोजतो किंवा निम्मे सोडतो. दुर्बीण थव्यावर स्थिर ठेवून वाट पाहावी. झोत संपतो त्या उंचीवर पोहोचले की पक्षी गिरकी सोडतात आणि एसटीच्या दारातून प्रवासी उतरावेत तसे एकामागोमाग एक एका दिशेने घसरू लागतात. ती ओळ हीच मोजायची वेळ. ओळीच्या पुढे एका जागी नजर रोखावी आणि त्या जागेतून जाणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला गणकाचे बटण दाबावे. फार मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात हे पाहावे आणि त्या मापाने उरलेला थवा मापावा. मात्र अशा आकड्यापुढे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहावे. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे वेगळे आले, तर ज्याची नजर थव्यावरून हटली नव्हती त्याचा आकडा धरावा आणि दुसऱ्याचा शेऱ्यात लिहावा. चर्चा करून मधला आकडा काढू नये.

नोंदपत्रक

पत्रकाच्या माथ्यावर जागा, तारीख, निरीक्षकांची संख्या, सुरू व बंद करण्याची वेळ लिहावी. प्रत्येक तासाच्या आरंभी वाऱ्याची दिशा आणि जोर, ढगांचे प्रमाण, धुके अथवा धुरकटपणा आणि किती दूरचा डोंगर स्पष्ट दिसतो हे नोंदवावे. पक्ष्यांसाठी जात, नर-मादी किंवा वय कळल्यास ते, संख्या, दिशा आणि उंची असे रकाने असावेत. उंची मीटरमध्ये सांगण्याचा प्रयत्न करू नये, तो बहुधा फसतो. डोळ्याच्या पातळीखाली, उघड्या डोळ्यांनी सहज दिसणारा, उघड्या डोळ्यांनी जेमतेम दिसणारा आणि फक्त दुर्बिणीतून दिसणारा असे चार टप्पे पुरेसे आहेत. मराठी नावे पुस्तकागणिक बदलत असल्यामुळे जातीचे इंग्रजी नावही शेजारी लिहिणे सोयीचे जाते.

एका तासाची नोंद साधारण अशी दिसेल : ‘१० ते ११, वारा पूर्वेचा, मंद, ढग पाव आकाश, दृश्यता चांगली, निरीक्षक २. खरुची १ दक्षिणेकडे, माँटेग्यू नर १ दक्षिणेकडे, अनोळखी भोवत्या २ नैर्ऋत्येकडे, फक्त दुर्बिणीतून. स्थानिक : घारी ४, कापशी १, मोरघार जोडी.’ पत्रक जागेवरच भरावे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत उत्साहाचा भाग शिरतो.

माळावरची संध्याकाळ

पूर्वेकडच्या तालुक्यांत राहणाऱ्यांना याला जोडून आणखी एक मोजणी करता येते. भोवत्या झाडावर झोपत नाहीत, ते माळावरच्या उंच गवतात जमिनीवर रात्र काढतात आणि अनेकदा एकाच ठिकाणी जमतात. गुजरातमधील वेळावदर येथील काळवीट राष्ट्रीय उद्यान अशा मोठ्या रात्रथाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. माण, खटाव किंवा जतच्या माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर मंडळींना पक्षी संध्याकाळी कोठे उतरतात याची चांगली माहिती असते, म्हणून त्यांना आपुलकीने विचारावे आणि नंतर मोजणीचे निष्कर्षही सांगावेत.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी गवतापासून किमान दोनशे मीटर अंतरावर, शक्य असेल तर बांधाआड बसावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एखादा भोवत्या ज्वारीच्या शेतावरून अगदी खालून येतो, गवतावर दोन-तीन घिरट्या घालतो, पाय खाली सोडून उतरतो आणि क्षणात दिसेनासा होतो. थोड्या वेळाने दुसरा येतो, त्याच्यामुळे पहिला पुन्हा उठतो आणि दोघे थोडे बाजूला सरकून बसतात. म्हणून उतरलेले आणि उठलेले असे दोन आकडे सतत लिहून शेवटी वजाबाकी करावी लागते. अंधार पूर्ण होईपर्यंत उठू नये, कारण बरेच पक्षी अगदी शेवटच्या उजेडात येतात. गवतात शिरून पक्षी उठवणे, गाडी माळात घालणे आणि ड्रोन उडवणे पूर्ण टाळावे, आणि रात्रथाऱ्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. हे पक्षी हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर नाकतोडे आणि टोळ खातात, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या कानावर घातली तर माळाला आग लागू न देण्यात त्यांचीही मदत होते, असा माझा अनुभव आहे.

पवनचक्क्यांचे पठार

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर मोजणी करणाऱ्यांनी पवनचक्क्यांपासूनचे अंतर नोंदवावे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट विरळ आढळले. शिकारी कमी झाल्यामुळे त्या भागात गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या वागण्यातही बदल झाला. म्हणजे येथे मिळणारा लहान आकडा स्थलांतर कमी झाल्याचा पुरावा असेलच असे नाही; तो जागेचाही परिणाम असू शकतो. त्यामुळे चक्क्यांजवळचा आणि त्यांच्यापासून दूरचा असे दोन ठिय्ये एकाच दिवशी दोन गटांनी सांभाळले तर त्या नोंदीला खरा अर्थ येईल. चक्क्यांच्या आवारातील रस्ते बहुधा खासगी असतात, तेथे आधी विचारूनच जावे.

नोंदी कोठे द्याव्यात

ईबर्ड या संकेतस्थळावर प्रत्येक तासाची वेगळी यादी एका जागी थांबून केलेली म्हणून द्यावी. फक्त शिकारी पक्षी लिहिले असतील तर ‘दिसलेल्या सर्व जाती नोंदवल्या का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. हे न पाळल्यास त्या तासात चिमण्या-साळुंक्याही नव्हत्या असा चुकीचा अर्थ निघतो. शून्याचे तास अशा यादीत नीट बसत नाहीत, म्हणून मूळ पत्रके जपून ठेवावीत आणि त्यांची छायाचित्रे काढून गटातल्या दोघांकडे तरी ठेवावीत. स्थलांतराच्या मोजणीसाठीच बनवलेल्या ट्रेकटेलन या संकेतस्थळावर तासागणिक आकडे आणि हवामान एकत्र नोंदवण्याची सोय आहे. दोन हंगाम सलग मोजणी झाली की तेथे ठिय्याची नोंदणी करण्याचा विचार करावा.

मोजणीच्या वेळी तारेला, मांजाला किंवा पवनचक्कीच्या पात्याला आपटून पडलेला पक्षी सापडला, तर त्याला पाणी पाजू नये आणि खाऊ घालू नये. जाड कापड टाकून, नख्या सांभाळत, हवेशीर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मेलेला पक्षी असल्यास तो उचलून नेऊ नये. सर्व शिकारी पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या पंखाची, पायाची आणि आजूबाजूच्या जागेची छायाचित्रे काढून, पायात कडे असल्यास त्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि ते सर्व वनविभागाला कळवून त्याच दिवसाच्या पत्रकाला जोडावे.